न चाललेल्या दिवसाची नोंद

तिसाव्या दिवशी रात्री मी तक्ता बंद करायला बसले, तेव्हा ११२ ओळींचा आणि ३० रकान्यांचा तो पडदा जवळजवळ सगळा हिरवा दिसत होता. ज्या दिवशी ठरलेले अंतर चालून झाले ती चौकट हिरवी, अंतर अर्धवट राहिले ती पिवळी आणि नोंदच आली नाही ती लाल, असा नियम मीच बसवला होता. रोज रात्री सगळ्यांचे आकडे भरायचे, बेरीज करायची आणि सकाळी तो तक्ता गटावर पाठवायचा, हे माझे महिनाभराचे काम. बेरीज अपेक्षेपेक्षा बरीच पुढे गेली होती, निधीही ठरवल्याहून अधिक जमला होता आणि मला मनापासून समाधान वाटत होते. एका ओळीवर मात्र नजर अडली. नवव्या दिवसापर्यंत ती अखंड हिरवी होती आणि दहाव्या दिवसापासून शेवटपर्यंत सलग लाल. २१ लाल चौकटी. मी त्या मोजल्या, ‘यांनी मध्येच सोडून दिले’ असे मनाशी म्हटले आणि तक्ता बंद केला.

उपक्रम साधा होता. प्रत्येकाने ३० दिवस रोज ३ किलोमीटर चालायचे, आपल्या ओळखीच्यांकडून दर किलोमीटरमागे काही रक्कम देण्याचे वचन घ्यायचे आणि महिन्याच्या अखेरीस जमलेला पैसा मनाने खचलेल्यांसाठी मदतवाहिनी चालवणाऱ्या एका संस्थेला द्यायचा. अशा उपक्रमांची कल्पना आता जगभर रुजली आहे. २००३ साली मेलबर्नमध्ये दोन मित्रांच्या कल्पनेतून आणि ३० जणांच्या मिशांपासून सुरू झालेल्या ‘मोव्हेंबर’ या चळवळीने पुढे पुरुषांच्या कर्करोगाबरोबर त्यांच्या मानसिक आरोग्याचाही विषय हाती घेतला. ज्यांना मिशी वाढवायची नाही त्यांच्यासाठी तिच्यात महिनाभरात ६० किलोमीटर चालण्याचा किंवा धावण्याचा मार्ग आहे, कारण जगात दर तासाला सुमारे ६० पुरुष आत्महत्येने जातात, असे ती चळवळ सांगते. आयर्लंडमध्ये ‘पिएटा’ ही आत्महत्या-प्रतिबंधासाठी काम करणारी संस्था ‘डार्कनेस इनटू लाइट’ नावाची ५ किलोमीटरची पदयात्रा भरवते. २००९ साली डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये सुमारे ४०० लोकांनी ती पहिल्यांदा केली. ती पहाटेच्या काळोखात सुरू होते आणि चालता चालता उजाडते. ज्यांच्या घरातले माणूस असे गेले आहे, त्यांनी त्या वेळी एकमेकांच्या बरोबरीने पावले टाकावीत, या योजनेत किती खोल समज आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. २०१७ साली लंडन मॅरेथॉनने ‘हेड्स टुगेदर’ ही मानसिक आरोग्याची मोहीम आपली अधिकृत धर्मादाय भागीदार म्हणून निवडली, आणि डोक्याला निळी पट्टी बांधलेले धावपटू रस्त्यावर उतरले.

या सगळ्या उपक्रमांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे आकडा. ऑस्ट्रेलियातील ‘पुश-अप चॅलेंज’ आपले लक्ष्य दरवर्षी त्या देशात एका वर्षात आत्महत्येने गेलेल्या माणसांच्या संख्येवरून ठरवते. २०२४ साली ते ३,२४९ होते आणि ते २३ दिवसांत पूर्ण करायचे होते. रोजची संख्या वेगळी असते आणि त्या दिवसाच्या संख्येला मानसिक आरोग्याविषयीची एखादी वस्तुस्थिती जोडलेली असते. ज्यांना पुश-अप्स जमत नाहीत त्यांनी दुसरा व्यायाम केला तरी चालतो. वर्तमानपत्रात ३,२४९ हा आकडा वाचताना आपली नजर पुढच्या ओळीवर सरकते. तोच आकडा दंडांतून काढायचा म्हटले की हजाराच्या आतच हात थरथरू लागतात, आणि प्रत्येक वेळी शरीर वर उचलताना हे एक माणूस होते, याचा विसर पडत नाही. संख्येला वजन असते, हे कळायला शरीर मध्ये यावे लागते. म्हणून या उपक्रमांवर माझा विश्वास बसला आणि तो आजही आहे.

परंतु आकडा हाताळताना जपावे लागते. २०१६ च्या सुमारास अमेरिकेतील माजी सैनिकांसाठी २२ दिवस रोज २२ पुश-अप्स काढण्याचे आव्हान सर्वत्र पसरले. रोज सरासरी २२ माजी सैनिक आत्महत्या करतात, या अंदाजावर ते बेतलेले होते. तो अंदाज २०१२ सालच्या एका सरकारी अहवालातला होता, त्यामागची माहिती केवळ २१ राज्यांतून आलेली होती आणि त्यात मोजलेल्या माणसांपैकी बहुसंख्य पन्नाशी गाठलेली किंवा ओलांडलेली होती. आव्हान स्वीकारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र नुकताच युद्धावरून परतलेला तरुण उभा राहिला. ज्या वयस्क माणसांचा तो आकडा मुख्यतः होता, ती माणसे त्या लाखो चित्रफितींत कोणालाच दिसली नाहीत. आव्हान खोटे नव्हते, लोकांची कळकळही खरी होती. पण आकडा सुटा झाला की तो आपल्याला हव्या त्या चेहऱ्याला जाऊन चिकटतो. मग आमच्या गटाच्या तक्त्यातले आकडे कोणत्या चेहऱ्यांचे होते, हा प्रश्न मी त्या वर्षी स्वतःला विचारला नाही.

त्याऐवजी मी त्या २१ लाल चौकटींच्या धन्याला तीन निरोप पाठवले होते. दहाव्या दिवशीचा साधाच होता, ‘आज आपली नोंद आली नाही, राहिली असल्यास कळवावी’ एवढाच. बाराव्या दिवशी मी लिहिले, ‘तुमच्यासारख्यांनीच मागे राहून कसे चालेल?’ सतराव्या दिवशी, सगळ्यांना पाठवला तोच निरोप त्यांनाही गेला, त्यात ज्यांचा एकही दिवस चुकला नव्हता अशांची नावे होती आणि शेवटी लिहिले होते की मनाचा निश्चय असला की सगळे जमते. मानसिक आरोग्यासाठी चाललेल्या उपक्रमात हे वाक्य मी लिहिले, आणि लिहिताना माझा हात अडखळला नाही.

दोन-अडीच महिन्यांनी ते गृहस्थ भेटले. पन्नाशीच्या आसपासचे, मितभाषी, पहिल्या आठवड्यात सर्वांच्या आधी नोंद पाठवणारे. चेहरा उतरलेला होता, पण नजर स्थिर होती. मी चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्हाला वाटले असेल मी चालणे सोडले. मी अंथरुणातून उठतच नव्हतो.’’ मग त्यांनी सावकाश, मधूनमधून थांबत सगळे सांगितले. नैराश्य त्यांना पूर्वीही येऊन गेले होते. उपक्रमात ते आले तेच मुळी पुन्हा तशी चाहूल लागली म्हणून, काहीतरी धरून राहावे म्हणून. नऊ दिवस त्यांनी तो धागा धरला. दहाव्या दिवशी चपला पायांत घालून ते दारापर्यंत गेले आणि अर्धा तास तिथेच उभे राहून परत फिरले. ‘‘तक्ता रोज सकाळी यायचा,’’ ते म्हणाले. ‘‘माझे नाव शोधावे लागत नव्हते. लाल रंग आपोआप दिसायचा. पाच-सहा दिवसांनी वाटायला लागले की हे बरोबरच लिहिले आहे. मी असाच आहे.’’ पुढे घरच्यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले, औषधे सुरू झाली आणि आता ते सावरत होते. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. तो असता तर मला ते सोसणे सोपे गेले असते.

त्यानंतर मी नैराश्याविषयी समजून घेतले. त्यातली कोणतीही गोष्ट गुपित नव्हती, ती आम्ही स्वतः वाटलेल्या माहितीपत्रकात छापलेली होती. कशातच मन लागत नाही, अंगातले बळ गेल्यासारखे वाटते, झोप बिघडते, निर्णय घेता येत नाही, आपण निरुपयोगी आहोत आणि इतरांना ओझे आहोत असे वाटत राहते. ही लक्षणे एकीकडे आणि आमच्या उपक्रमाची अट दुसरीकडे ठेवून पाहा. रोज, न चुकता, ठरलेल्या वेळी, अंगातले बळ वापरून एक काम करायचे आणि ते न झाल्यास ११२ जणांना ते दिसेल. ज्या दिवशी एखाद्याचे चालणे थांबते तो दिवस आमच्या हिशेबात तूट म्हणून धरला जात होता. वास्तविक आमच्या विषयाने त्या दिवशी प्रथमच आमचे दार ठोठावलेले असते. हिरव्या चौकटींना आमची फारशी गरज नव्हती. लाल चौकटीकडे कोणीतरी वेगळ्या नजरेने पाहायला हवे होते.

व्यायामाने मनाला बरे वाटते, याबद्दल मला कणभरही शंका नाही. २०२२ साली ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात १५ दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यांत १,९०,००० हून अधिक माणसांची माहिती होती. आठवड्याला अडीच तास झपाझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण, अजिबात हालचाल न करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले आणि त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वा तासाइतकी हालचाल करणाऱ्यांत ते सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण ज्यांचे मन आधीच खचत आले आहे त्यांचे चालणेही कमी झालेले असू शकते. तरीही त्यातली एक गोष्ट उपक्रम आखणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी अशी आहे. सर्वांत मोठा फरक ‘काहीच नाही’ आणि ‘थोडेसे’ यांच्यामध्ये पडतो. पुढे वाढवत जाऊ तसा लाभ मंदावत जातो. आमच्या तक्त्यात मात्र थोडेसे चालणाऱ्याला पिवळा रंग होता. रोज १०,००० पावले हे जे लक्ष्य आपण पवित्र मानतो, तेही १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाले. त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावले मोजणारे यंत्र असा होतो.

आणि व्यायाम हा उपचारांना पर्याय नाही, हे अशा प्रत्येक उपक्रमात ठळकपणे सांगितले पाहिजे. ‘चालायला लाग, सगळे ठीक होईल’ हे वाक्य प्रेमापोटी उच्चारले जाते, आणि ज्याला उठताच येत नाही त्याच्या मनात ते ‘म्हणजे दोष माझाच’ असे होऊन उतरते. काहींच्या बाबतीत तर व्यायाम हीच आजाराची वाट असते. खाण्याशी आणि शरीराच्या आकाराशी झगडणाऱ्या माणसाला रोजचा आकडा, उष्मांकांचा हिशेब आणि अव्वल क्रमांकाची यादी हाती देणे धोक्याचे आहे. वजन आणि उष्मांक हे शब्द आम्ही आता उपक्रमातून पूर्णपणे काढून टाकले आहेत.

दुसऱ्या वर्षी आखणी बदलायची ठरवली, तेव्हा बैठकीत बराच वाद झाला. स्पर्धा काढली तर लोक ढिले पडतील, बेरीज घटेल आणि निधीही घटेल, असे काहींचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. शेवटी रंग गेले. प्रत्येकाची वेगळी ओळ सर्वांसमोर मांडणे बंद झाले. रोज सकाळी फक्त गटाची एकत्रित बेरीज जाऊ लागली. नोंदीच्या रकान्यात अंतराच्या जोडीला ‘आज चाललो नाही’ हीदेखील एक नोंद ठेवली आणि ती पाठवणाऱ्याचा दिवस भरला असे मानायचे ठरले. तीन-तीन जणांचे लहान गट केले. कोणाची दोन दिवस काहीच नोंद आली नाही, तर सर्वांना दिसणारा निरोप न पाठवता त्या तिघांपैकी एकाने फोन करायचा, आणि फोनवर चालण्याचा विषयच काढायचा नाही. ‘कसे आहात?’ एवढे विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. थांबणे किती कठीण असते, हे आम्हाला सरावाच्या वेळी कळले. पाच सेकंद शांततेत गेले की विचारणारा काहीतरी सल्ला देऊन मोकळा होतो. सरावासाठी आलेल्या समुपदेशक बाईंनी आणखी एक गोष्ट नीट समजावली. एखाद्याला जगणे नकोसे झाल्याचे वाटले, तर ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे थेट विचारण्यास कचरू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि तज्ज्ञांपर्यंत स्वतः सोबत जावे.

शेवटून चालणाऱ्या स्वयंसेवकाची कल्पना आम्ही ‘पार्करन’कडून घेतली. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू केलेला हा आठवड्याचा मोफत ५ किलोमीटरचा परिपाठ. तो सुरू करणारे पॉल सिंटन-ह्यूइट त्या वेळी दुखापतीमुळे धावू शकत नव्हते आणि मित्रांची भेट तरी होत राहावी, म्हणून त्यांनी तो घाट घातला. आज तिथे एक स्वयंसेवक सर्वांच्या मागून चालतो आणि शेवटचा म्हणून त्याचीच नोंद होते, त्यामुळे भाग घेणारा दुसरा कोणीही शेवटचा ठरत नाही. इतक्या साध्या युक्तीने केवढे भय दूर होते.

त्या वर्षी किलोमीटरांची बेरीज खरोखरच घटली. निधी मात्र जवळपास तेवढाच जमला, कारण देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वचन दिले होते ते माणसाकडे पाहून.

निधीविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण या विषयावर आपण संकोचाने बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली जगात सुमारे ७,२७,००० माणसे आत्महत्येने गेली आणि १५ ते २९ या वयोगटात ते मृत्यूचे तिसरे मोठे कारण आहे. असे असूनही देशांच्या सरकारी आरोग्यखर्चात मानसिक आरोग्याचा वाटा साधारणपणे २ टक्क्यांच्या आसपास राहतो. लोकांनी चालून जमवलेला पैसा ही दरी भरून काढू शकत नाही आणि सरकारांची जबाबदारीही त्यामुळे कमी होत नाही. तरीही मदतवाहिनीवर बसणाऱ्याचे प्रशिक्षण, त्याच्यावर देखरेख करणारा अनुभवी समुपदेशक आणि रात्रपाळी यांना हाच पैसा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही जमलेल्या पैशातून आधी छापील बनियन आणि पदके यांचा खर्च वळता केला आणि उरलेली रक्कम संस्थेला दिली; आता पदके नाहीत, आणि इतर खर्च कोणी स्वतंत्रपणे उचलला तरच होतो. ‘या निधीतून अमुकच वस्तू घ्या’ असा आग्रहही आम्ही सोडला. देणाऱ्याला भिंतीवर नावाची पाटी हवी असते आणि संस्थेला मात्र रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार द्यायचा असतो.

संस्थेच्या समन्वयक बाईंनी एकदा सांगितले की अशा उपक्रमांच्या काळात फोन वाढतात. हे ऐकून आम्ही खूश झालो, पण त्यांचे बोलणे संपले नव्हते. जागृती एका महिन्यात होते, फोन त्यानंतर वर्षभर येत राहतात. बोलायला प्रवृत्त केलेल्या माणसाला पलीकडून ‘सर्व मार्ग व्यस्त आहेत’ असे ऐकू आले, तर तो पुन्हा फोन करीलच असे नाही. तेव्हापासून आम्ही रक्कम एकरकमी न देता १२ हप्त्यांत देतो आणि उपक्रमाची तारीख त्यांना विचारून ठरवतो, म्हणजे त्या महिन्यात त्यांच्याकडे जास्तीचे स्वयंसेवक तयार असतात. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सगळीकडेच कार्यक्रम असतात. त्या दिवसाचा मोहही आम्ही त्यांच्या सांगण्यावरून सोडला.

पैशाहून अवघड काम चालताना होते. दोन माणसे खुर्च्या समोरासमोर ठेवून बसली की दोघांनाही एकमेकांचे डोळे चुकवावे लागतात. शेजारून चालताना ती अडचण उरत नाही. दोघांची नजर पुढच्या वाटेवर असते, मध्येच गप्प झाले तरी ती शांतता अवघडत नाही, पावलांचा आवाज ती सांभाळून घेतो, आणि एखादे वाक्य अर्धे सोडले तरी पुढच्या वळणावर ते पुन्हा उचलता येते. मी अनेकदा पाहिले आहे की महत्त्वाची गोष्ट पहिल्या किलोमीटरमध्ये येत नाही. आधी गुडघ्यांच्या तक्रारी होतात, कामाच्या होतात, मग दम लागतो, बोलणे थांबते, आणि त्यानंतर माणूस ज्यासाठी आला होता ते वाक्य येते.

यंदा शेवटून चालण्याचे काम त्या गृहस्थांनी मागून घेतले. ‘‘मागे कोण राहते ते मला लवकर कळेल,’’ एवढेच ते म्हणाले. शेवटच्या दिवशी सगळे एकत्र चाललो. पुढचे लोक पोहोचले, त्यांचे आकडे मी टिपून घेतले, छायाचित्रे झाली, बरेचसे लोक पांगलेही. मी वही घेऊन थांबले होते. चाळीस-एक मिनिटांनी ते लांबून येताना दिसले, सोबत विशीतला एक मुलगा, ज्याची नोंद मागचे सहा दिवस आली नव्हती. दोघे बोलत नव्हते. चालण्याची गती अगदी संथ होती आणि मुलगा थांबला की तेही थांबत होते. जवळ आल्यावर मी वही उघडली. ‘‘किती लिहू?’’

‘‘अडीच लिहा, ताई,’’ ते म्हणाले. ‘‘दोघांचे.’’

मी लिहिले. मुलगा वहीकडे पाहत उभा होता. मग खाली मान घालून, काहीशा घाईने म्हणाला, ‘‘आणि काल चाललो नव्हतो. परवाही नाही. त्याआधीचे चार दिवसही नाही. ते लिहायचे राहिले आहे, तेही लिहाल का?’’

मी मागचे पान उलटले आणि त्याने सांगितलेल्या तारखांपुढे, त्याच्यादेखत, एकेक करून सहा नोंदी केल्या.